झेरॉक्सच्या भंगारातून आकाशाचे फोटो काढणारी दुर्बीण

दुर्बीण घरी बांधायची म्हटलं की लोक पहिल्यांदा आरसा कुठून आणायचा ते विचारतात. फोटो काढायचे असतील तर आधी माउंटचा, म्हणजे दुर्बीण पेलणाऱ्या आणि फिरवणाऱ्या बैठकीचा, विचार करा. साधी पत्र्याची नळी आणि बरा आरसा भक्कम माउंटवर ठेवला तर फोटो येतो. महागातली नळी डुगडुगत्या स्टँडवर ठेवली तर ताऱ्यांच्या नुसत्या रेघा येतात.

हिशेब असा आहे. पृथ्वी फिरते म्हणून तारा सेकंदाला १५ विकला सरकतो (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ७५० मिमी फोकल लेंग्थच्या (आरशापासून ताऱ्याची प्रतिमा पडते तिथपर्यंतच्या अंतराच्या) दुर्बिणीला कॅनन ६००डी लावला की एक पिक्सेल साधारण १.२ विकलांचा होतो. म्हणजे एका सेकंदात तारा बारा-तेरा पिक्सेल ओलांडतो, आणि आपल्याला तर वीस-तीस सेकंद शटर उघडं ठेवायचंय. बांधकाम करताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

मी साताऱ्यात झेरॉक्स मशीन दुरुस्त करतो. मोडीत निघालेल्या एका मशीनमधून गुळगुळीत शाफ्ट, छोटी बेअरिंगं, स्प्रिंगा, टायमिंग बेल्ट आणि स्टेपर मोटरी (ठोक्यागणिक एकेक पायरी फिरणाऱ्या) मिळतात. भंगारवाल्याकडे हे सगळं किलोच्या भावात जातं, तेव्हा ओळख काढून ठेवा.

आधी आरसा. माझा १५० मिमी व्यासाचा, एफ/५ आहे, म्हणजे फोकल लेंग्थ व्यासाच्या पाचपट. एका शाळेच्या अडगळीत नळी गंजून गेलेली दुर्बीण पडली होती, तिच्यातला. असा जुना आरसा मिळाला तर फोकल लेंग्थ स्वतः मोजा, खोक्यावर लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका. अंधाऱ्या खोलीत आरसा उभा ठेवा. बारीक भोक पाडलेला काळा कागद टॉर्चवर चिकटवा आणि टॉर्चच्या शेजारीच एक पांढरा कागद धरा. टॉर्च आणि कागद मिळून मागेपुढे करा. ज्या अंतरावर भोकाची प्रतिमा कागदावर सगळ्यात बारीक दिसते, ते अंतर फोकल लेंग्थच्या दुप्पट असतं. मला १५०० मिमी मिळालं, म्हणजे फोकल लेंग्थ ७५०. ही चाचणी सूर्यावर कधीही करू नका. असा आरसा कागदच काय, डोळाही जाळतो.

आरसा पुसायचा नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब टाकायचा, त्यात आरसा भिजत ठेवायचा, आणि कापसाचा बोळा त्याच्या स्वतःच्या वजनानेच वरून ओढत न्यायचा. बोटाचा दाब पडला की चरे पडलेच. मुलामा उडालाच असेल तर व्हॅक्यूममध्ये अ‍ॅल्युमिनियम चढवून घ्यावा लागतो, तो घरी होत नाही. आरसा स्वतः घासायचा असेल तर ते वेगळं आणि फार सुंदर काम आहे. १५० मिमीच्या काचेत मधोमध जेमतेम १.९ मिमी खोली काढायची असते, पण त्यासाठी शिकवणारं माणूस शेजारी हवं. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. अशा मंडळींत जा, विचारा, हातानं करून बघा.

एक गोष्ट माझ्या धंद्यातल्या मित्रांसाठी. झेरॉक्सच्या स्कॅनरमध्ये लांब पट्टीसारखे आरसे असतात, मुलामा पुढच्या बाजूला. ते बघून वाटतं, दुय्यम आरसा, म्हणजे प्रकाश बाजूला कॅमेऱ्याकडे वळवणारा छोटा सपाट आरसा, फुकटात झाला. तो मोह टाळा. कागदाची प्रत काढायला तेवढा सपाटपणा पुरतो, ताऱ्याला पुरत नाही, आणि पट्टीची रुंदीही कमी पडते. दुय्यम आरसा विकतच घ्या, लंबगोल, लहान अक्ष ५० मिमी.

आता नळी. शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला २०० मिमीचा पीव्हीसी पाईप चालतो. १६० चा घेऊ नका, आरशाभोवती हवा खेळायला जागा राहत नाही. आतून फळ्याचा काळा रंग द्या, ओल्या रंगावर बारीक लाकडी भुसा शिंपडा आणि वाळल्यावर पुन्हा रंग द्या. चकाकी पार मरते.

कापाकापीच्या आधी मात्र हे गणित करा. डोळ्यानं बघायच्या दुर्बिणीला कॅमेरा लावला की बहुतेकदा फोकसच होत नाही, कारण सेन्सर कॅमेऱ्याच्या आत खोल असतो. कॅननमध्ये माउंटच्या कड्यापासून सेन्सर ४४ मिमी आत आहे, वर अडॅप्टरचे ११, असे ५५. फोकसरची, म्हणजे कॅमेरा मागेपुढे करणाऱ्या नळीची, उंची ६०. पाइपाच्या मध्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत १००. एकूण २१५. ७५० मधून २१५ गेले, उरले ५३५. मुख्य आरसा आणि दुय्यम आरसा यांच्या मध्यांतलं अंतर ५३५ मिमी ठेवायचं. दुय्यम आरशापाशी प्रकाशाची जाडी ४३ मिमी होते, म्हणून ५० चा आरसा पुरतो. कोपरे किंचित काळवंडतात, ते पुढे फ्लॅट फ्रेमने (सारख्या उजेडाच्या फोटोने) निघतं. मुख्य आरशाच्या पाठीमागे तीन बोल्ट आणि तीन स्प्रिंगा. पेपर ट्रे वर उचलणाऱ्या स्प्रिंगा इथे अगदी नेमक्या बसतात.

फोकसर मी क्रेफर्ड पद्धतीचा केला. इंग्लंडमधल्या क्रेफर्डच्या हौशी खगोलमंडळातल्या जॉन वॉल यांनी काढलेली ही युक्ती आहे, आणि तिच्यात दातेच नाहीत. अ‍ॅल्युमिनियमची नळी एका बाजूने चार छोट्या बेअरिंगांवर टेकते, समोरून ६ मिमीचा शाफ्ट तिला दाबतो. शाफ्ट फिरवला की नळी घर्षणाने वरखाली होते. प्ले (ढिलाई) अजिबात नाही. चारही बेअरिंगं कोनात बसवा, जोडी-जोडीने, म्हणजे नळी मधोमध आपोआप येते. शाफ्ट दाबणाऱ्या पट्टीला एक स्क्रू ठेवा, कॅमेऱ्याच्या वजनाने नळी घसरायला लागली की तो अर्धा आटा आवळायचा. शाफ्टला तेल लावू नका. नळीचा शाफ्टकडचा भाग मात्र पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेनेच घासा. आडवा घासलात तर प्रत्येक ओरखडा बोटाला जाणवतो.

आता खरं काम, माउंट. परदेशी आराखडे चाळीस-पन्नास अक्षांशासाठी असतात, त्यांचा ध्रुवअक्ष, म्हणजे ताऱ्यांमागे फिरायचा ध्रुवाकडे रोखलेला अक्ष, चांगला उभा असतो. साताऱ्याचा अक्षांश १७.७. आपला अक्ष जवळजवळ आडवा पडलेला असतो. जर्मन पद्धतीच्या माउंटमध्ये (एका बाजूला नळी, दुसऱ्या बाजूला तोलाचं वजन) मग वजनाचा दांडा स्टँडच्या पायावर आपटतो आणि सगळा भार एका बाजूला लोंबतो. आपल्या अक्षांशाला इंग्लिश योक, म्हणजे दोन्ही टोकांना टेकून फिरणारी चौकट, सोपा पडतो. झेरॉक्सचा ड्रम जसा दोन टोकांना बेअरिंगांत बसून फिरतो, तसाच. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेची १९१७ सालची १०० इंची हूकर दुर्बीण याच पद्धतीवर उभी आहे. तिला ध्रुवाजवळचं आकाश दिसत नाही, कारण चौकटीचं टोक आड येतं. आपलंही तेच होईल, आणि त्याने फारसं बिघडत नाही.

४० मिमीच्या चौकोनी लोखंडी पाइपाची आयताकृती चौकट करा, आतून मीटरभर लांब. तिच्यात नळी दोन खुंट्यांवर उत्तर-दक्षिण झुलते. चौकटीच्या दोन्ही टोकांना २५ मिमीचे शाफ्ट वेल्ड करा. दोन्ही शाफ्ट एका रेषेत हवेत. वेल्डिंगच्या आधी आरपार एकच लांब सळई घाला, टाके मारा, मग पुरं वेल्ड करा आणि सळईचा मधला भाग शेवटी कापून काढा. शाफ्ट यूसीपी २०५ पेडेस्टल बेअरिंगांत बसतात. बेअरिंगांत १२०० मिमी अंतर असेल तर साताऱ्यात उत्तरेचं बेअरिंग दक्षिणेच्यापेक्षा ३६५ मिमी उंच हवं. पणजीत हा आकडा सुमारे ३२१ येतो, नागपुरात ४३२. उत्तरेच्या पायाला उंची बदलायचा बोल्ट ठेवा आणि कडेने दोन स्क्रू, पूर्व-पश्चिम सरकवायला.

फिरवायला गिअर नको, अक्षाला बसवलेला आडवा दांडा आणि त्याला नटाने सरकवणारा आट्यांचा रॉड पुरतो. एम८ रॉडचा आटा १.२५ मिमीचा. अक्षाच्या मध्यापासून रॉडपर्यंत अंतर २८५.७ मिमी ठेवलं की रॉड मिनिटाला बरोबर एक फेरा फिरला पाहिजे. रॉड सरळ असल्यामुळे चूक वाढत जाते, पण दांडा रॉडशी काटकोनात असताना पुढच्या दहा मिनिटांत ती जेमतेम ६ विकला होते. काटकोनाच्या आधीची दहा आणि नंतरची दहा मिनिटं वापरा, मग रॉड मागे घ्या. चौकटीच्या पूर्वेच्या बाजूला थोडं वजन बांधा, म्हणजे नट कायम आट्याच्या एकाच बाजूला टेकून राहतो.

मोटर निवडताना मशीनची मुख्य ड्राइव्ह मोटर घेऊ नका, ती बहुतेकदा ब्रशलेस असते. पेपर फीडची किंवा स्कॅनरची स्टेपर घ्या, १.८ अंशाची, फेऱ्याला २०० पायऱ्या. वायरींच्या जोड्या ओळखायला मीटर लागत नाही. कुठल्याही दोन वायरी एकमेकींना जोडा आणि शाफ्ट बोटांनी फिरवा. जड झाला तर ती जोडी. सहा वायरींच्या मोटरीत मधल्या दोन मोकळ्या सोडा आणि जास्त जड लागणाऱ्या जोड्या घ्या. एक पूर्ण पायरी साडेचार विकलांची पडते, फोटोला ती फार मोठी. मोटर चालवणाऱ्या ए४९८८ ड्रायव्हर बोर्डवर एक सोळांश पायरी लावा, म्हणजे ०.२८ विकला. अर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डने दर १८.७५ मिलिसेकंदांनी एक ठोका द्यायचा, बस. यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी या कामाला उत्तम.

अक्ष ध्रुवाकडे लावणं हे शेवटचं अवघड काम. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून साधारण ०.६ अंश बाजूला आहे, आणि आपल्याकडे तो क्षितिजालगतच्या धुरकटात किंवा डोंगराआड असतो. ऊस तोडून पाचट पेटवायचे दिवस असले तर दिसतही नाही. होकायंत्राने सुरुवात करा, पण लोखंडी चौकटीपासून दहा पावलं लांब उभं राहून. उतार मोबाइलच्या लेव्हलने लावा. मग कॅमेऱ्यात बघून नीट बसवा. डोक्यावरून जाणाऱ्या याम्योत्तर रेषेजवळचा, विषुववृत्ताजवळचा तारा धरा. तो दक्षिणेला सरकत असेल तर अक्ष पूर्वेला गेलाय, उत्तरेला सरकत असेल तर पश्चिमेला. नंतर पूर्वेकडचा तारा घ्या. तो दक्षिणेला सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेला सरकला तर वर. पाच मिनिटं तारा जागचा हलला नाही की थांबा. या कामात घाई केली तर पुढची सगळी रात्र वाया जाते.

फोकससाठी जाड फाइल कव्हर कापून बाख्तिनोव्ह मास्क, म्हणजे नळीच्या तोंडावर लावायचं तीन दिशांच्या फटींचं झाकण, करा. पावेल बाख्तिनोव्ह या रशियन हौशी निरीक्षकाने २००५ मध्ये तो काढला. फट अडीच मिमी, पट्टी अडीच मिमी. ठळक ताऱ्याभोवती तीन रेघा दिसतात. मधली रेघ बाकी दोघींच्या बरोबर मध्ये आली की फोकस झाला. मास्क काढायला विसरू नका.

थंडीत मृग नक्षत्रातल्या तेजोमेघापासून सुरुवात करा. आयएसओ ८००, वीस सेकंदांचे शंभर फोटो, झाकण लावून वीस डार्क, आणि नळीच्या तोंडावर पांढरा बनियन ताणून लॅपटॉपच्या उजेडात वीस फ्लॅट. सिरिल किंवा डीप स्काय स्टॅकर या फुकट प्रोग्रॅममध्ये ते एकत्र रचा. रॉडच्या आट्यांतल्या दोषामुळे काही फोटो लांबुळके येतील, ते बिनदिक्कत काढून टाका. देवयानी दीर्घिका फोटोच्या चौकटीत मावणार नाही. चौकट १.७ अंश रुंद आहे आणि ती तीन अंशांची.

एप्रिल-मेमध्ये मात्र दक्षिणेला वळा. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ साताऱ्यातून क्षितिजाच्या जवळजवळ २५ अंश वर येतो. युरोपातल्या बहुतेक हौशी निरीक्षकांना तो घरून दिसतच नाही. कासच्या बाजूला दक्षिण मोकळी असलेली जागा शोधा, तिथे दहा सेकंदांचे फोटोही पुरतात. पाऊस आला की आरसा काढून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा, आणि माउंटच्या आट्यांना ग्रीस द्या.