कुत्रा पाळलाय? मग अंगणातली ही विषारी झाडं आधी हलवा

सांगली-साताऱ्याकडच्या बंगल्यांत कुंपणाला कण्हेर आणि फाटकाशी सायकस हे पामसारखं दिसणारं झाड हमखास असतं. दोन्ही कुत्र्याच्या जिवावर बेतणारी आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

१. कण्हेर आणि बिट्टी मुळासकट काढा. पान, फूल, बी, सगळंच विषारी असतं आणि वाळल्यावरही विष जात नाही. ते थेट हृदयाची लय बिघडवतं. हातमोजे घाला, छाटलेल्या फांद्या कोपऱ्यात पडू देऊ नका, पेटवूही नका, धूरही बाधतो. त्या जागी जास्वंद किंवा मोगरा लावा.

२. सायकसच्या मादी झाडाला शेंड्यात नारिंगी बिया धरतात. एक-दोन बियांनीही कुत्रा दगावू शकतो. उलट्या थांबल्या की आपण निर्धास्त होतो, पण यकृत निकामी झाल्याची लक्षणं दोन-तीन दिवसांनी दिसतात. पामच हवा असेल तर अरेका पाम लावा, तो चालतो.

३. गुलाबाच्या आळ्यात एरंडीची पेंड घालू नका. झाडांवर नजर ठेवणाऱ्यांचंही इथे दुर्लक्ष होतं. पेंडीचा वास कुत्र्याला खाण्यासारखा लागतो, तो आळं उकरून ती खातो. तेल काढलं तरी रायसिन हे विष पेंडीतच राहतं. नीट तापवून ते मारलेलं नसेल तर उलट्या आणि रक्ताची हगवण लागते, तीही कधीकधी काही तासांनी. शेणखत किंवा गांडूळखत वापरा, आणि घरात पेंडीचं पोतं असेल तर ते कुलपात ठेवा.

४. मांडवावर द्राक्षवेल असेल तर गळलेले मणी रोज वेचा. तासगावकडे घरोघरी असणारे बेदाणे तर त्याहून घातक, कारण पाणी उडून त्यातला विषारी अंश दाट झालेला असतो. मूत्रपिंडं बंद पडू शकतात. किती खाल्ले तर चालतात, असं सुरक्षित प्रमाण नाही.

मनीप्लांट, डायफेनबेकिया, अळू यांनी तोंडाची आग होते, लाळ गळते. सहसा जिवावर बेतत नाही. कुंड्या उंचावर टांगल्या की पुरे.

तरीही कुत्र्याने काही खाल्लंच, तर तोंडातले तुकडे काढा आणि लगेच पशुवैद्याला फोन लावा. मीठपाणी पाजून घरी उलटी करवू नका. मिठानेच विषबाधा होते. उलटी करवायची की नाही हे डॉक्टर ठरवतील आणि त्याचा उपयोग साधारण पहिल्या दोन तासांतच असतो, म्हणून लक्षणांची वाट बघत बसू नका. कुत्र्याचं वजन, काय, किती आणि केव्हा खाल्लं ते सांगा. झाडाची फांदी किंवा पेंडीच्या पिशवीवरचं लेबल सोबत न्या.