घरच्या जिमसाठी स्वस्तात वजनं: गोव्यातल्या घरांत या चुका टाळा

रंगाचा चार लिटरचा रिकामा डबा काँक्रीटने काठोकाठ भरला की तो चार किलोचा नाही, नऊ-सव्वानऊ किलोचा होतो. दांडीच्या दोन टोकांना असे दोन डबे म्हणजे दांडीसकट वीस किलो. 'दहाचा डंबेल' समजून एका हाताने उचलायला गेलं की खांदा धरलाच. लिटर म्हणजे किलो हा हिशेब फक्त पाण्याचा. कोरडी रेती लिटरला साधारण १.६ किलो, ओली आणि ठासलेली दोनच्या जवळपास, हाताने कालवलेलं काँक्रीट २.३ ते २.४. म्हणून आधी आकारमान काढा, मग साचा शोधा.

जड वस्तू मिळवणं अवघड नाही. फसतं ते दांडीत, भोकात आणि बांधणीत. चार पैसे घालायचेच असतील तर तिथे घाला.

'एक इंची' पाइपची गोची

हार्डवेअरच्या दुकानात एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप मागितला की मिळतो तो बाहेरून ३३.७ मिमी. एक इंच हे नुसतं नाव. घरगुती प्लेटचं भोक बहुतेक ३० मिमीच्या आसपास असतं, त्यामुळे प्लेट दांडीवर चढतच नाही आणि कापून आणलेला पाइप दुकानदार परत घेत नाही. अशा प्लेटसाठी पाऊण इंची पाइप लागतो, बाहेरून २६.९ मिमी. दुकानात जाताना प्लेटच घेऊन जा, लाज वाटून घेऊ नका.

पोकळ पाइप एकूण तीस-चाळीस किलोपर्यंत ठीक. त्यापुढे भरीव गोल सळई हवी. तिचं वजन काढायचं लोखंडवाल्यांचं सूत्र सोपं आहे: व्यासाचा (मिमी) वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो ते आलं. २५ मिमीची सळई मीटरला ३.८५ किलो, दीड मीटरची दांडी पावणेसहा. हे वजन एकूण वजनात धरायला बरेच जण विसरतात. स्लॅबच्या कामातून उरलेली टॉर सळई फुकट मिळाली तरी तिच्या शिरा तळहात सोलतात आणि प्लेट नीट सरकू देत नाहीत. ती साच्यात गाडायला ठेवा.

काँक्रीटची चकती: कुठे तडकते

३० सेंमी व्यास आणि ६ सेंमी जाडी हे माप सोयीचं. आकारमान सव्वाचार लिटरच्या आत-बाहेर, वजन साडेनऊ ते दहा किलो. सिमेंट, रेती, खडी १:२:३ या प्रमाणात घ्यायची. एका चकतीला सिमेंट सुमारे दीड किलो, रेती दोन लिटर, खडी तीन लिटर आणि पाणी पाऊण लिटर. खडी १०-१२ मिमीची बारीकच हवी. २० मिमीची खडी भोकाच्या कडेला अडकते, तिथे पोकळी राहते आणि पहिली चीर तिथूनच जाते.

दुसरी चूक पाण्याची. मिश्रण सैल दिसलं की ओतायला सोपं, म्हणून आणखी अर्धा तांब्या पाणी जातं. ते जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे भोकं ठेवतं. मिश्रण घट्टच ठेवा, साच्यात तीन थरांत भरा आणि दर थराला सळईने टोचून साचा बाहेरून थोपटा. साच्याला आतून तेलाचा हात फिरवलेला असावा, मधल्या भोकासाठी पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा करावा, आणि अर्ध्या उंचीवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गोल कापून टाकावी. जाळीमुळे चकती आपटली तर तडकेल, पण तुकडे पायावर सुटे होणार नाहीत. हातात रबरी मोजे घाला, ओलं सिमेंट कातडी खातं.

दुसऱ्या दिवशी साचा काढला आणि लगेच व्यायाम, असं केलं की कडा पडतात. निदान सात दिवस चकती ओल्या गोणपाटाखाली ठेवा. पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात. पावसाळ्यात ओलाव्याची चिंता नाही, पण ताजी चकती पागोळीखाली ठेवली तर वरचा सिमेंटचा थर धुऊन जातो.

डबा-दांडीच्या डंबेलमध्ये एक वेगळीच खोट असते. गुळगुळीत पाइप काँक्रीटमध्ये काही दिवसांनी फिरायला लागतो. पाइपच्या टोकाला दोन आरपार भोकं पाडून त्यांत एकेक बोल्ट आडवा घाला आणि मगच काँक्रीट ओता. दुसरं टोक पहिलं घट्ट झाल्यावरच, ओळंबा लावून.

रेती कुठली?

किनाऱ्यावरची मुळीच नको. तिथून रेती उचलणं सीआरझेडच्या (किनारपट्टी संरक्षणाच्या) नियमांत बसत नाही, आणि तिच्यातलं मीठ दांडी-जाळी आतून गंजवतं. बांधकामावर उरलेली अर्धी गोणी मागून घ्या, उन्हात कडक वाळवा. सिमेंटच्या विणलेल्या गोणीत थेट भरली तर बारीक रेती झिरपून बाल्कांवभर (ओसरीभर) पसरते. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी, तिला चिकटपट्टी, बाहेरून जुन्या जीन्सचा पाय दुहेरी शिवणीचा. ठासून भरू नका, शिवण उसवते.

चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड, उचलण्याचा मोह गोव्यात प्रत्येकाला होतो, कुंपणापाशी दोन-चार पडलेलेच असतात. पण त्याला पकड नाही, कडा झरतात आणि पावसात पाणी पिऊन तो जड होतो. पायरी म्हणून चढ-उतार करायला चांगला.

पाण्याचे कॅन गच्च भरा. अर्धवट भरलेल्यातलं पाणी हिंदकळून मनगट पिळवटतं. उघड्या बादल्या जूननंतर ठेवूच नका, आठ-दहा दिवसांत त्यात डास तयार होतात. आणि गॅसची टाकी, भरलेली वा रिकामी, व्यायामाला कधीच नाही.

भंगारातलं लोखंड

गाडीच्या जुन्या ब्रेक डिस्क हे स्वस्त लोखंडी प्लेटचं सगळ्यात चांगलं साधन. म्हापसा, फोंडा, मडगावला गॅरेजवाल्यांकडे आणि भंगारात विचारा. जोडी घेताना दोन्ही काट्यावर ठेवा. एकाच मॉडेलच्या असल्या तरी एक जास्त झिजलेली असू शकते आणि दांडी एका बाजूला कलते. मधलं भोक दांडीच्या दुप्पट मोठं असतं, त्यामुळे डिस्क लोंबकळते आणि दर उठावाला खडखडते. प्लायवूडची चकती कापून भोकात ठोकून बसवा, तिच्या मध्यावर दांडीचं भोक पाडा. जुन्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. कोरडा ब्रश किंवा हवेचा झोत मारू नका, पाण्याने धुवा. मग रेड ऑक्साइड, त्यावर ऑइल पेंट. समुद्राजवळच्या घरात नुसता रंग एक पावसाळाही धरत नाही. उघड्या लोखंडाला मशीन ऑइलचं बोट पुसा. खोबरेल नको, खवट होतं.

प्लेट अडवायला दोरी किंवा चिकटपट्टी चालत नाही. सायकलच्या ट्यूबचा तुकडा दांडीवर चढवून त्यावर दोन होज क्लॅम्प (रबरी नळी आवळायच्या पत्र्याच्या पट्ट्या) स्क्रूने आवळा. मग दांडी जमिनीपासून वीतभर उंचीवर, खाली जुना टायर ठेवून, दोन्ही बाजूंना आळीपाळीने तिरकी करून झटका द्या. प्लेट बोटभर जरी सरकली तरी क्लॅम्प पुन्हा आवळा.

वजनाचा आकडा मात्र लगेच रंगवू नका. काँक्रीट पाणी सोडत राहतं आणि चकती थोडी हलकी होते. महिनाभराने सामानाच्या डिजिटल काट्याला टांगून पुन्हा मोजा, आणि तो आकडा चकतीवर लिहा.