मुंबईच्या महापालिका शाळांवर लघुशोधप्रबंध कसा बेतावा

शिक्षणशास्त्रात एम.ए. किंवा एम.एड. करणारे अनेक जण ‘शहरी शिक्षणातील समस्या’ असा विषय हौसेने घेतात आणि पुढच्या सत्रात त्यातच गटांगळ्या खातात. त्याऐवजी एक वॉर्ड निवडावा आणि तिथली एकच घडामोड धरावी. उदाहरणार्थ, रेल्वे व रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी हटवलेली अनेक कुटुंबे एम-पूर्व विभागात, मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत येऊन राहिली. या स्थलांतरात त्यांच्या मुलांचे शिक्षण कसे टिकले किंवा तुटले, हा प्रश्न वर्षभरात पेलण्याजोगा आहे.

पुढे मोजमापाचे एकक ठरवावे. महापालिकेच्या एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू अशा माध्यमांच्या शाळा सकाळ-दुपारच्या अधिवेशनांत भरतात. प्रत्येकीचा कारभार वेगळा आणि 11 अंकी यूडायस क्रमांकही (देशभरातील शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातील ओळख क्रमांक) वेगळा. पालक मात्र साऱ्या इमारतीला मिळून एकच शाळा म्हणतात, तेव्हा मुलाखतीतील शाळा आणि तक्त्यातील शाळा एकच आहे का, हे सुरुवातीलाच पडताळावे. आकडे नेहमी माध्यमनिहाय काढावेत, कारण नुसत्या एकूण पटसंख्येत मराठी माध्यमाची घट इंग्रजीच्या वाढीआड झाकली जाते. ‘असर’चे, म्हणजे मुलांच्या वाचन-गणिताची पातळी तपासणारे ‘प्रथम’ संस्थेचे सर्वेक्षण मुख्यतः ग्रामीण भागाचे आहे, ते मुंबईच्या प्रबंधात पुरावा म्हणून येते, तेव्हा परीक्षकाने भुवया उंचावल्या तर त्यांचे चुकत नाही.

खरे धन शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असते. प्रवेशाची तारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण हे रकाने ओळीने वाचत गेल्यास मुलांच्या हालचालीचा माग लागतो. कारणाच्या रकान्यातील ‘परगावी’ किंवा ‘सतत गैरहजर’ या नोंदी जशाच्या तशा गळतीत धरू नयेत: मूल गावी गेले, खासगी शाळेत गेले की कामाला लागले, हे घरी जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 5 नुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. म्हणून जुना दाखला आणि नवा प्रवेश यांमध्ये किती दिवस गेले, हे प्रत्येक मुलाबाबत टिपावे. माझ्या मते अशा प्रबंधाचा कणा हाच आकडा असावा.

कोणी शिक्षण हक्क कायद्यानुसार वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखीव असलेल्या खासगी शाळांतील 25 टक्के प्रवेशांवर काम करणार असेल, तर फेब्रुवारी 2024 मध्ये राज्याने या प्रवेशांचे नियम बदलले आणि त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, हे लक्षात ठेवून ते वर्ष इतर वर्षांत मिसळू नये.

परवानगीचा अर्ज मार्गदर्शकांच्या पत्रासह महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लवकर द्यावा आणि वॉर्डातील प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांनाही भेटावे. परीक्षेच्या आणि प्रवेशाच्या दिवसांत मुख्याध्यापकांकडे वेळ मागणे व्यर्थच. पालकांचे संमतिपत्र त्यांच्या भाषेत असावे आणि त्यांच्यासमोर वाचून दाखवावे. लेखनात शाळेचे नाव बदलले की गोपनीयता राखली, असे समजू नये. वॉर्डात तेलुगू माध्यमाची एकच शाळा असेल, तर माध्यमाचा उल्लेखही गाळावा लागेल.