सांस्कृतिक-भाषिक प्रदेशातील देशांची यादी करताना या चुका टाळा

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी ‘लॅटिन अमेरिकेतील देश’ किंवा ‘अरब देश’ अशा याद्या पाठ करतात, पण दोघांच्या वह्या ताडून पाहिल्या तर देशांची संख्या अनेकदा जुळत नाही. याचे कारण बहुधा पाठांतरात नसते. निकष न ठरवताच यादी उतरवलेली असते.

सर्वाधिक गोंधळ लॅटिन अमेरिकेबाबत होतो. दक्षिण अमेरिका म्हणजेच लॅटिन अमेरिका असे धरले, की मेक्सिको, ग्वाटेमाला आणि क्युबा वगळले जातात आणि इंग्रजी राजभाषा असलेला गयाना व डच राजभाषा असलेला सुरिनाम यादीत येतात. उलट, केवळ स्पॅनिश भाषा हाच निकष लावला तर पोर्तुगीज भाषक ब्राझील, म्हणजे या प्रदेशातील सर्वांत मोठा देशच, गळतो आणि आफ्रिकेतील इक्वेटोरियल गिनी आत शिरतो, कारण तेथेही स्पॅनिश राजभाषा आहे. म्हणून स्थान (मेक्सिको व त्याच्या दक्षिणेकडील अमेरिका) आणि भाषा (स्पॅनिश, पोर्तुगीज किंवा फ्रेंच) या दोन्ही अटी एकत्र लावाव्यात. प्रचलित यादीत २० सार्वभौम देश येतात: १८ स्पॅनिश भाषक, ब्राझील आणि १८०४ मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र झालेला हैती. काही जण हैतीला वगळतात. तसे केल्यास कारण लिहावे. प्वेर्तो रिको स्पॅनिश भाषक असला तरी तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या अखत्यारीतील प्रदेश आहे, त्यामुळे सांस्कृतिक नकाशात त्याला जागा द्यावी, देशांच्या यादीत देऊ नये.

अरब देशांबाबत संघटनेचे सदस्यत्व आणि भाषा यांची गल्लत होते. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या अरब लीगचे २२ सदस्य आहेत. त्यांपैकी सोमालियात घरोघरी सोमाली बोलली जाते, तर चाडमध्ये अरबी ही राजभाषा असूनही तो देश सदस्य नाही. इराण आणि तुर्कस्तान हे मुस्लिमबहुल देश आहेत, पण अरब नाहीत. ‘अरब देश’ असे मोघम शीर्षक देण्याऐवजी ‘अरब लीगचे सदस्य देश’ असे लिहिले, की निम्मा घोळ तेथेच मिटतो.

आणखी एक चूक नकाशा रंगवताना होते आणि ती मला अधिक गंभीर वाटते. मोरोक्को पूर्ण ‘अरबी’ रंगात रंगवला तर २०११ पासून तेथे राजभाषा असलेली अमाझिग (बर्बर) भाषा दिसेनाशी होते; पॅराग्वे केवळ ‘स्पॅनिश’ दाखवला तर ग्वारानी ही तेथील मूळ रहिवाशांची भाषा झाकली जाते. आपल्या तीन जिल्ह्यांवर ‘अहिराणी’ असा एकच शिक्का मारून पाहा. धडगाव-अक्कलकुव्याची पावरी व भिली आणि रावेर-यावलकडील लेवा बोली त्याखाली दडपली जाते. नाशिक जिल्ह्यातील सटाणा, कळवण आणि मालेगाव येथील अहिराणी मात्र जिल्ह्याच्या हद्दीमुळे बाहेर राहते. खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी बऱ्हाणपूर तर आज मध्य प्रदेशात आहे. म्हणून सलग रंगाऐवजी रेघांची छटा वापरावी आणि जेथे दोन भाषा नांदतात तेथे दोन्ही छटा एकमेकींवर येऊ द्याव्यात.

स्कॅन्डिनेव्हियाच्या प्रश्नात डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन ही नावे लिहावीत. फिनलंड आणि आइसलंड ‘नॉर्डिक देश’ असे विचारल्यावर त्यांत मिळवावेत.