थंडी सरताना छाटणी: कात्री कुठे लावायची, कुठे नाही

थंडी सरत आलीय पण डोळे (फांदीवरच्या ज्या गाठींतून नवी फूट येते त्या) अजून फुगले नाहीत, हा मधला काळ छाटणीसाठी बेस्ट. पानं विरळ असतात म्हणून फांद्यांचा सांगाडा नीट दिसतो, आणि झाडाचं साठवलेलं अन्न मुळांत-खोडात असतं त्यामुळे ऊब वाढली की नवी फूट जोरात येते. फक्त कोरडा दिवस बघा, ओल्या जखमेतून रोग पटकन शिरतो.

पण आधी बघायचं की झाड फुलतं कशावर. गुलाब, जास्वंद, बोगनवेल नव्या फुटीवर फुलतात, त्यांना बिनधास्त छाटा. अझेलिया, लायलॅकच्या कळ्या मात्र मागच्या सीझनलाच जुन्या काडीवर धरलेल्या असतात, आत्ता कात्री लावलीत तर यंदाची फुलं गेलीच म्हणून समजा, त्यांचा नंबर फुलं संपल्यावर. झाड कुठल्या प्रकारचं ते माहीतच नसेल तर यंदा नुसतं वाळकं काढा आणि कधी फुलतं ते लिहून ठेवा.

सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार हवं, बोथट पात्याने काडी चेचते. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्या, कंटाळा येतो पण करा.

सुरुवात सलीपासून, म्हणजे वाळक्या फांद्यांपासून. फांदी मेलीय का जिवंत कळत नसेल तर नखाने साल किंचित खरवडा, खाली हिरवं ओलसर दिसलं तर जिवंत, तपकिरी कोरडं निघालं तर खाली खाली खरवडत जा आणि हिरवं लागेल तिथे कापा. मग एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांतली एक, मग सरळसोट वर गेलेले फुटवे, म्हणजे पाणसोट. कलमी गुलाबाला कलमाच्या खालून आलेले फुटवे असतील तर तेही काढा, ते खुंटाचे, म्हणजे ज्या मुळवाल्या झाडावर कलम बांधलंय त्याचे असतात, तुमच्या गुलाबाचे नाहीत.

आता खरी गंमत. फांदीचं टोक ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली पाठवत असतं आणि त्यामुळे बाजूचे डोळे दबून राहतात, टोक उडवलं की ते जागे होतात. म्हणजे कुठल्या डोळ्यावर कापायचं हे ठरवलं की पुढची फांदी कुठे जाणार हे तुम्हीच ठरवलं! बाहेर तोंड केलेला डोळा शोधा, त्याच्या वर साधारण अर्धा सेंटिमीटर ठेवून तिरका काप द्या, उतार डोळ्याच्या उलट बाजूला. मला तर छाटणीतलं सगळं सुख या एका कापात वाटतं, आठवड्या-दोन आठवड्यांनी तोच डोळा लालसर फुगलेला दिसला की रोज जाऊन बघावंसं वाटतं.

जाड फांदी खोडाला जुळते तिथे थोडी फुगीर असते ना, तो फुगवटा कापायचा नाही, जखम तिथूनच भरते. कापलेल्या फांदीचा लांब तुकडाही खोडावर सोडू नका, तो कुजतो. वजनदार फांदी असेल तर थोडं पुढे आधी खालून अर्धवट चीर, मग तिच्याही जरा पुढे वरून काप, आणि राहिलेला तुकडा शेवटी फुगवट्याला लागून, नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते. जखमेवर रंगबिंग फासायची सहसा गरज नसते.

एका वेळी पाव भागापेक्षा जास्त काढू नका, गुलाब सोडून, तो भरपूर छाटणी सहज सोसतो. मध्येमध्ये चार पावलं मागे सरून बघत जा कारण कापलेलं परत चिकटत नाही. खताची घाई नको, फूट दिसली की द्या. रोगट काड्या कंपोस्टमध्ये टाकू नका, आणि गुलाबाच्या निरोगी, पेन्सिलएवढ्या जाड काड्या कुंडीत खोचून ठेवा, सगळ्या नाही लागणार पण एखादी धरली तरी एक झाड फुकट.