मेनिस्कस भिंग कुठल्या तोंडाने बसवायचं? चिऱ्याच्या भिंतीवर बघून ठरवा

घरी बॉक्स कॅमेरा करायचा म्हणून चष्म्याच्या दुकानातून प्लस नंबरची काच, म्हणजे एक बाजू फुगीर आणि दुसरी खोलगट असलेलं मेनिस्कस भिंग, आणली की पहिला प्रश्न हाच, फुगीर बाजू बाहेर ठेवायची का खोलगट. कोणी सांगतं फुगीर बाहेर, दुसरा ठामपणे उलटं सांगतो, आणि गंमत म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण नुसत्या भिंगाला सुलटं-उलटं असं काही नसतंच, ते ठरतं स्टॉपवरून, म्हणजे ज्या गोल भोकातून उजेड आत घ्यायचा ते भोक भिंगाच्या पुढे आहे का मागे त्यावरून. खोलगट बाजू स्टॉपकडे. एवढं डोक्यात ठेवलंत तरी निम्मं काम झालं.

तुमच्या नाकावरचा चष्माच बघा ना, खोलगट बाजू डोळ्याकडे असते, कारण तिथे स्टॉपचं काम डोळा करतो आणि तो भिंगाच्या मागे आहे. कॅमेऱ्याच्या लेन्सवर स्क्रूने लावतात त्या क्लोजअप फिल्टरचंही तेच, फुगीर बाजू फुलाकडे आणि खोलगट कॅमेऱ्याकडे. विल्यम वोलॅस्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०४ मध्ये अशा वाकड्या काचांच्या चष्म्याचं पेटंट घेतलं, आणि त्यानेच १८१२ मध्ये कॅमेरा ऑब्स्क्युरासाठी, म्हणजे पडद्यावर बाहेरचं चित्र पाडणाऱ्या अंधाऱ्या डब्यासाठी, मेनिस्कस वापरताना खोलगट बाजू देखाव्याकडे केली, कारण तिथे भोक त्याने भिंगाच्या पुढे ठेवलं होतं. चष्म्याच्या बरोबर उलट दिसतं, पण नियम तोच.

असं का होतं ते थोडक्यात. मधोमध येणाऱ्या किरणांना फारशी अडचण नसते, गोंधळ कडेच्या किरणांचा. भोक भिंगाच्या पुढे थोडं लांब ठेवलं की तिरके किरण भिंगाच्या एका बाजूच्या भागातूनच जातात, वरून येणारे खालच्या भागातून, डावीकडचे उजव्या भागातून, आणि खोलगट पृष्ठभाग भोकाकडे तोंड करून असेल तर ते काचेवर बरेचसे सरळ आदळतात, फार तिरके पडत नाहीत. त्यामुळे कडेचा अॅस्टिग्मॅटिझम, म्हणजे आडव्या आणि उभ्या रेघा एकाच वेळी धारदार न येण्याचा दोष, आटोक्यात येतो आणि चित्र जरा सपाट पडतं. भोक योग्य अंतरावर असेल तर धूमकेतूसारखी शेपटी, म्हणजे कोमा, तीही जवळपास जाते. पण फुकट काही मिळत नाही. फुगीर बाजू बाहेर असताना मधला भाग जास्त धारदार येतो, कारण लांबच्या वस्तूसाठी स्फेरिकल अॅबरेशन, म्हणजे भिंगाच्या कडेतून आणि मधून गेलेले किरण एकाच ठिकाणी न मिळण्याचा दोष, तेव्हा कमी असतं. एका बाजूने सपाट असलेल्या साध्या भिंगात फुगीर बाजू लांबच्या वस्तूकडून फिरवून आत केली तर हा दोष जवळपास चौपट होतो, मेनिस्कसमध्ये त्याहून जास्त. म्हणून खोलगट बाजू बाहेर ठेवायची तर भोक बारीक हवंच. भोकाचा व्यास निम्मा केला की या दोषाचा धूसरपणा आठव्या हिश्शावर येतो, हे बारीक भोकाच्या बाजूने बोलणारं मोठं कारण.

आता करायचं कसं. +५ नंबरची न कापलेली गोल काच मागा, साध्या सीआर-३९ प्लास्टिकची. पॉलीकार्बोनेट नको, ते चष्म्याला मजबूत पण रंगाच्या कडा फार सोडतं. +५ म्हणजे फोकल लेंग्थ, लांबच्या वस्तूचं चित्र भिंगापासून जिथे धारदार पडतं ते अंतर, १००० भागिले ५, २०० मिलिमीटर. कुठली बाजू कुठली हे बोटाने कळत नसेल तर टेबलाच्या काचेवर ठेवा, फुगीर बाजू खाली असेल तर डुगडुगते, खोलगट बाजू कडेवर स्थिर बसते. मार्करने कडेला खूण करून टाका, नाहीतर दहा वेळा उलटसुलट केल्यावर काही लक्षात राहत नाही.

आंब्याच्या पेटीच्या पुठ्ठ्याचे दोन डबे करा, एक दुसऱ्यात सरकणारा, आतून काळा कागद. मागे बटर पेपर ताणून लावा, पुढे भिंगाच्या मापाच्या पाइपचा तुकडा, त्यात भिंग, आणि पुढे-मागे सरकेल अशी काळ्या पुठ्ठ्याची चकती. चकत्या तीन कापा, २५ मिलिमीटरच्या भोकाची एफ ८ (फोकल लेंग्थ भागिले भोकाचा व्यास), १८ ची साधारण एफ ११ आणि १२.५ ची एफ १६. अंतराची सुरुवात फोकल लेंग्थच्या दहाव्या ते पाचव्या हिश्शापासून करा, म्हणजे इथे २ ते ४ सेंटिमीटर, मग सरकवत बघायचं. डोक्यावर घोंगडी घेतली की झालं, मोबाइलने बटर पेपरचा फोटो काढून ठेवलात की नंतर शेजारी शेजारी बघता येतं.

तपासायला आपल्या कोकणात काही विकत घ्यायला नको. गिलावा न केलेली जांभ्या चिऱ्याची भिंत गाठा, सकाळचं तिरकं ऊन पडलेली. दरजांच्या आडव्या-उभ्या रेघा म्हणजे तयार आलेखाचा कागद, आणि चिऱ्याची भोकं बारीक तपशिलासाठी. बॉक्स भिंतीला समांतर ठेवा, वाकडा धरलात तर एक कड धूसर येणार आणि दोष भिंगाला जाणार. आधी खोलगट बाहेर, भोक पुढे. फोटो काढा. मग भिंग फिरवा, भोक तिथेच ठेवा, परत फोटो काढा आणि कोपऱ्यातल्या दरजा बघा, कशा पसरतात ते.

इथे बहुतेक जण चुकतात, भिंग फिरवल्यावर फोकस परत जुळवत नाहीत. मेनिस्कसमध्ये ज्या जागेपासून फोकल लेंग्थ मोजायची ती जागा फुगीर बाजूकडे सरकलेली असते, त्यामुळे फुगीर बाजू बाहेर केली की पडदा थोडा जवळ आणावा लागतो आणि आत केली की लांब न्यावा लागतो, काही मिलिमीटरचाच मामला पण तेवढ्यात निकाल उलटा लागतो. प्रत्येक वेळी मध्यावर नव्याने फोकस करा, त्यानंतरच कडा बघा.

रेघा वाकतात का हे बघायला समुद्राची क्षितिजरेषा उत्तम, गणपतीपुळ्याला बघा नाहीतर हर्णैला. फक्त रेषा चित्राच्या मध्यावर ठेवू नका, मधून जाणारी रेघ कुठल्याही भिंगात सरळच दिसते, बॉक्स कलवून ती कडेजवळ आणा. भोक पुढे असेल तर तिचा मधला भाग कडेकडे फुगलेला दिसेल, भोक मागे असेल तर मधला भाग आत ओढलेला. हे भोकाच्या जागेमुळे होतं, भोक बारीक करून जात नाही. कोमा बघायचा तर रात्री रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या बाजूला लांबच्या बोटींचे दिवे कोपऱ्यात घ्या, ठिपका राहतो का शेपटी फुटते.

माझं मत विचाराल तर मोठ्या कागदावर किंवा बटर पेपरवर रुंद देखावा हवा असेल तर भोक पुढे, खोलगट बाहेर, एफ १६. तेच +१० चं क्लोजअप भिंग मिररलेस कॅमेऱ्यावर लावणार असाल तर वेगळं गणित. १०० मिलिमीटरच्या भिंगात फुल फ्रेम सेन्सरचा कोपरासुद्धा मध्यापासून जेमतेम १२ अंशांवर येतो, कडांचे दोष तिथपर्यंत फार वाढत नाहीत, म्हणून फुगीर बाजू बाहेर ठेवा, भोक भिंगाच्या मागे, मधला भाग छान येतो. शिवाय आतला भाग धूळ आणि खाऱ्या वाऱ्यापासून वाचतो, किनाऱ्यावर ही काही छोटी गोष्ट नाही. आणि मुद्दाम कडा विरघळलेला स्वप्नाळू फोटो हवा असेल तर नियम मोडा, कोडॅकच्या ब्राउनी हॉकआय या जुन्या बॉक्स कॅमेऱ्याची लेन्स हौशी लोक याचसाठी उलटी करून बसवतात.

दोन सारखी भिंगं मिळाली तर अजून मजा. खोलगट बाजू एकमेकींकडे, भोक बरोबर मध्ये. जर्मनीतल्या श्टाइनहाइलने १८६५ मध्ये पेरिस्कोप नावाने हीच जोडी आणली. पुढच्या भिंगाने रेघ एकीकडे वाकवली की मागचं ती दुसरीकडे वाकवतं, कोमा आणि कडेचे रंगही असेच फिटतात. दोन +५ जोडलीत की फोकल लेंग्थ १०० च्या किंचित वर येते, मग चकत्यांची भोकंही निम्म्या मापाची कापा. मध्यावरचे रंग मात्र या जोडीने जात नाहीत, त्याला अॅक्रोमॅट, म्हणजे दोन वेगळ्या काचा जोडून रंग जुळवलेलं भिंग, लागतं.

किनाऱ्यावरून आल्यावर काच कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाचे कण सीआर-३९ वर चरे पाडतात, आधी गोड्या पाण्याखाली धरा. पावसाळ्यात पुठ्ठा भिजट होतो आणि डबा सरकायचा थांबतो, तेव्हा भिंग काढून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि नवीन डबा गणपतीनंतर करा.