सहायक ट्रान्समिशन पंपाचा दोष : माझा अनुभव

इंजिन आपोआप थांबून पुन्हा सुरू झाले की गाडी हिसका देत असे, त्यामुळे इंजिन बंद असताना ट्रान्समिशन तेलाचा दाब टिकवणारा विजेवरचा सहायक पंप चालत नसावा, असा मला संशय आला. फ्यूज शाबूत होता. कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला, तर १२.४ व्होल्ट दिसले आणि मी पंप बदलणारच होतो. परंतु भार, म्हणजे वीज ओढणारे उपकरण, नसताना गंजलेली जोडणीही पूर्ण व्होल्टेज दाखवते, म्हणून त्याच टोकांना २१ वॅटचा बल्ब जोडला. तो जेमतेम लालसर पेटला आणि अर्थिंगची तार व बॅटरीचे ऋण टोक यांच्यात तब्बल ६ व्होल्ट आढळले, म्हणजे जवळपास निम्मे व्होल्टेज अर्थिंगच्या वाटेतच घटत होते. बॉडीवरील बोल्टखाली अर्थिंगच्या रिंगवर हिरवट थर साचला होता. तो घासून काढल्यावर ही घट ०.१ व्होल्टच्या आत आली आणि जुनाच पंप चालू लागला.